शेठला मुलगी नव्हती

“खुनी कोण, ते मला तरी कुठं ठाऊक आहे,” सबनीस म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत स्क्रिप्टचं शेवटचं पान फाडून त्यांनी ते खिशात कोंबलं.

आंबोलीतल्या एका जुन्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही पोह्यांच्या बश्या हातात घेऊन उभे होतो. सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर. आमची डिटेक्टिव्ह मालिका तेव्हा दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायची आणि तेवढा अर्धा तास लोक जागचे हलायचे नाहीत. पण आदल्या भागातला खुनी कुणीतरी बाहेर फोडला होता, आणि तेव्हापासून आमचे दिग्दर्शक सबनीस नुसते धुमसत होते.

या भागाची गोष्ट सरळ होती. दरड कोसळून घाट बंद पडतो आणि सहा प्रवासी डाकबंगल्यात अडकतात. त्यांतला एक श्रीमंत शेठ, हृदयविकाराचा. सकाळी तो आरामखुर्चीत मेलेला सापडतो आणि त्याची गोळ्यांची डबी गायब झालेली असते. ती डबी ज्यानं लपवली तो खुनी. उरलेले पाच जण एकमेकांकडे संशयानं बघत बसतात.

“पाचही जण आज कॅमेऱ्यापुढे गुन्हा कबूल करणार,” सबनीस म्हणाले. “डबी का लपवली, कुठं ठेवली, शेठ कसा मेला, सगळं आपापल्या शब्दांत. पाठ केलेलं मला नको. ज्याचं ऐकून माझ्या अंगावर काटा येईल, तो खुनी. बाकीच्यांचं मी पुसून टाकीन.”

मी त्या युनिटमध्ये कंटिन्युइटी बघायची. म्हणजे काय, तर कुठल्या शॉटमध्ये कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, कपात चहा किती होता, कोण कुठल्या शब्दावर उठलं, हे सगळं वहीत टिपायचं आणि पुढच्या टेकला कुणी चुकलं की त्याचा कान धरायचा. मोठमोठे नट मला टरकून असत. मी आहेच खडूस. आणि प्रत्येक टेकपुढे ‘ओके’ किंवा ‘बाद’ असं मीच लिहायची. पुण्यात एडिटर माझी वही बघूनच टेप लावायचा. बाद लिहिलेल्या टेककडे तो ढुंकून बघत नसे.

त्या पाच प्रवाशांत एक आमचे नाना होते. नाना हुपरीकर.

आमचे म्हणजे खरोखरच आमचे. माझे वडील रामभाऊ बोंद्रे, म्हणजे अण्णा, एका नाटक कंपनीत नायकाची कामं करायचे आणि नाना त्याच कंपनीत होते. मी चार वर्षांची असताना, जत्रांच्या दौऱ्यावर, भर उन्हात घाटात कंपनीच्या गाडीचा ॲक्सल मोडला. तिथं अण्णांना झटका आला आणि ते गेले. गाडीत आई होती, मीही होते म्हणे, पण मला त्यातलं काही आठवत नाही. त्यानंतर आम्ही पुण्याला आलो ते नानांच्याच भरवशावर. शाळेत माझं नाव त्यांनी घातलं. टायफॉइड झाला तेव्हा उशाशी ते बसले. या लाइनीतसुद्धा त्यांनीच मला चिकटवलं. दर शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे येणार, आईच्या हातचा चहा घेणार, “वहिनी, येतो,” म्हणणार आणि जाणार. लग्न त्यांनी केलं नाही. मोठी भूमिकाही कधी घेतली नाही. सदा आपले पोस्टमन, हवालदार, नायिकेचे मामा.

म्हणून त्या दिवशी मला वाटत होतं, की खुनी नानाच व्हावेत. देवाची शपथ, मला दुसरं काही दिसतच नव्हतं. साठीला आलेला माणूस. एकदा तरी लोकांनी त्यांच्याकडे डोळे भरून बघावं.

“नाना, आज जीव तोडून करा,” मी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी करत म्हटलं. “लाजू नका. सबनीसांना नाटकी चालतं.”

“मला काय सुचणार गं, निमे?”

“काहीही सुचू दे. खोटंच तर बोलायचंय.”

नानांनी मान हलवली.

पहिल्या चौघांनी दुपारपर्यंत आपापलं उरकलं. एकानं वडिलोपार्जित जमिनीचं वैर सांगितलं, एक बाई ढसढसा रडल्या, एकजण तर इतका मोठ्यानं हसला की साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. रिटेक घेतला की हे लोक वेगळंच बोलायचे. पहिल्या टेकला डबी विहिरीत फेकलेली, दुसऱ्याला चुलीत. मी कपाळाला हात लावायची. मनचं बोलणारा माणूस दोनदा तेच बोलत नाही, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

जेवणानंतर नानांची पाळी आली. ते खुर्चीत बसले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात बोलायला लागले.

“मला त्याला मारायचं नव्हतं. तो खिशात डबी असल्याशिवाय कुठं पाऊल टाकायचा नाही. मला वाटलं, डबी नसली की आज हा घाबरून बसेल, आणि आजचा एक दिवस त्याच्या जागी मी उभा राहीन. एकच दिवस. सकाळी कोट खुंटीला होता. मी डबी काढली, रुमालात गुंडाळली आणि आतल्या खिशात ठेवली. मग घाटात गाडीचा ॲक्सल मोडला. तो उन्हात उतरून ओरडत होता. एकदम छाती धरून खाली बसला. सगळे डबी शोधायला लागले. मीपण शोधत होतो. डबी माझ्या छातीशी होती. काढली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं. मी म्हटलं, एक मिनिट, कुणी पाठ फिरवली की काढतो. कुणी पाठ फिरवली नाही. तो म्हणाला, पोरीला पलीकडे न्या, तिला हे दिसायला नको. मग बोलला नाही.”

जनरेटर घरघरला आणि दिवे मिचकले.

“कट,” सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. “दिवा गेला. नाना, याच बोलीत परत. काय सापडलंय तुम्हाला.”

खरं सांगते, माझं डोकं फिरलं होतं. आमच्या अण्णांचं मरण यांनी शूटिंगला वापरावं? घाट काय, ॲक्सल काय. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडून टेक मारायचा म्हणजे काय? पण सगळ्यांसमोर ते कसं बोलणार. मी वही घेतली, तरातरा नानांपाशी गेले आणि माझ्या कामाचं तेवढं बोलले.

“नाना, तीन चुका आहेत. शेठ खुर्चीत मेला, घाटात नाही. ॲक्सल नाही, दरड. आणि शेठला मुलगी नाहीये. ते पोरीचं वाक्य गाळा.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ बघितलं की मेकअपवाली पफ हातात धरून थांबली.

“गाळता येत नाही, निमे,” ते म्हणाले.

“राहू दे, राहू दे,” सबनीस मागून म्हणाले. “मुलगी छान आहे. ॲक्सलही राहू दे, दरडीच्या आधी मोडला म्हणू. झटका घाटात आला, जीव खुर्चीत गेला. रोल.”

मी जागेवर जाऊन बसले आणि पहिल्या टेकच्या ओळींवर पेन्सिल ठेवली. नानांनी बोलायला सुरुवात केली. मी ओळीमागून ओळ बघत होते. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ‘एकच दिवस’ म्हणताना पहिल्या वेळी ते थांबले होते, तिथंच थांबले. ‘छातीशी होती’ म्हणताना उजवा हात कोटाच्या आत गेला होता, तिथंच गेला. सकाळपासून चार कसलेले नट दोनदा तेच सांगू शकले नव्हते. पाठांतरात नेहमी अडखळणारे नाना न अडखळता सांगत होते.

‘पोरीला पलीकडे न्या’ हे वाक्य आलं आणि माझी पेन्सिल ओळीवरच थांबली. अण्णांचे शेवटचे शब्द आईनं मला कितीतरी वेळा सांगितले होते. आणि हेही सांगितलं होतं, की त्या दिवशी गोळ्यांची डबी काही केल्या सापडली नाही.

टेक संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाइटबॉय, स्वयंपाकी, मेलेला शेठसुद्धा. सबनीसांनी नानांना मिठीच मारली. “खुनी मिळाला,” ते म्हणत होते. टाळ्या न वाजवणारी मी एकटी होते.

बंगल्यामागच्या हौदापाशी नाना तोंड धूत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“नाना, अण्णांची डबी कुठं होती?”

“सांगितलं की. दोनदा.”

“ते तुम्ही रचलंत ना? हो म्हणा, नाना.”

“मला कधी काही रचता आलंय?” त्यांनी तोंड पुसलं नाही, तसंच पाणी हनुवटीवरून गळत होतं. “त्या संध्याकाळी जत्रेत प्रयोग होता. रामभाऊ बसला असता तर त्याची भूमिका मला मिळणार होती. बस, एवढंच. त्याच दिवशी मी ती डबी दरीत भिरकावली. उघडूनही बघितली नाही. तेवीस वर्षं तुझ्या आईपुढं बसून चहा पितोय, निमे. दर शनिवारी ठरवून येतो की आज सांगायचं. तोंड उघडत नाही. आज कॅमेऱ्यापुढं उघडलं.”

ज्या हातांनी मला पाटीवर ग गिरवायला शिकवला, ते हात माझ्यासमोर होते आणि मला ते बघवत नव्हते.

“वही तुझ्याकडे आहे,” नाना म्हणाले. “दोन्ही टेक बाद लिहिलेस तर वहिनीला कधी कळणार नाही. ओके लिहिलंस तर कळेल. मी काही म्हणणार नाही. तू ठरव.”

मी तिथंच हौदाच्या कठड्यावर वही टेकवली आणि ओके लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की शिसं मोडलं. रागानंच लिहिलं, त्यात दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, बघू दे आईला. अख्ख्या महाराष्ट्राला बघू दे.

पुण्याला परतल्यावर नाना शनिवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. आईनं विचारलं तेव्हा मी शूटिंगचं कारण पुढं केलं. तिला आधी काही सांगायचं माझं धाडस झालं नाही, आणि भाग लागायचा दिवस तर पाऊल पाऊल जवळ येत होता. माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

तो शनिवार आला. नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर, आणि चाळीत टीव्ही तेव्हा चारच घरांत होते, त्यांतला एक आमचा. पण त्या दिवशी मी डोकं दुखतंय सांगून शेजाऱ्यांना लिमयांकडे पिटाळलं. आई पाटावर बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी. नाना पडद्यावर आले तशी ती खुलली. “भाऊजींना बाई शोभतोय कोट,” म्हणाली.

मग नाना बोलायला लागले. मी पडद्याकडे बघितलंच नाही, आईकडे बघत होते. ॲक्सल मोडला तेव्हा तिचे हात थांबले. पोरीचं वाक्य आलं तेव्हा तिनं जुडी खाली ठेवली. भाग संपला, नावांच्या पाट्या सुरू झाल्या, बातम्यांचं संगीत वाजलं, तरी ती तशीच. मी उठून टीव्ही बंद केला.

“आई,” मी म्हटलं, “ते खरं आहे.”

तिनं काही म्हणायच्या आत दारात चपला वाजल्या. नाना होते. भाग चालू असताना ते खाली रस्त्यावरच उभे असले पाहिजेत. ते आत आले, आईपुढं गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला डोकं टेकलं. एवढा उंच माणूस घडी घातल्यासारखा लहान झाला होता.

“वहिनी, मी मारलं रामभाऊला.”

आई त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, “उठा, भाऊजी. तेवीस वर्षं झाली. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. माफ केलं मी तुम्हाला.”

नाना रडले. पुरुषमाणसाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढंही नाही. आईनं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले, तोंडावरून हात फिरवला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला. “येतो, वहिनी,” म्हणून ते गेले. जिना उतरतानाची त्यांची पावलंसुद्धा हलकी वाजत होती.

माझा संताप संताप झाला. “तू त्यांना अशी कशी सोडलीस?” मी आईला म्हटलं. “एका वाक्यात? तुझं कुंकू पुसलं त्या माणसानं.”

“ओरडू नकोस. खाली ऐकू जाईल.”

“जाऊ दे ऐकू.”

“मला माहीत होतं, निमे.”

“काय माहीत होतं?”

“त्यांनी डबी काढली ते. मी दारात उभी होते. कोट खुंटीला होता. त्यांनी खिशात हात घातला, रुमालात काहीतरी गुंडाळलं, मी पाहिलं.”

“मग घाटात बोलली का नाहीस? अण्णा छाती धरून बसले होते. तू नुसतं बोट दाखवायचं होतंस.”

आईनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. “बोट दाखवलं असतं तर डबी उघडली असती,” ती म्हणाली.

“मग?”

“आत नुसता कापूस होता.”

मला आधी कळेचना. ती माझ्याकडे न बघता, मेथीच्या जुडीकडे बघत सांगत राहिली. कोल्हापुरात गोळ्या आणायचं काम तिच्याकडे होतं. ती बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली, गप्पांत वेळ गेला, दुकान बंद झालं. अण्णा रागीट. सकाळी त्यांनी विचारलं, डबी भरली का? ती हो म्हणाली. वाटलं, पुढच्या गावी गुपचूप आणून भरू. गोळ्या वाजू नयेत म्हणून डबीत नेहमीच कापूस असायचा, त्यामुळं रिकामी डबी हलवूनही कुणाला शंका येणार नव्हती.

“भाऊजींनी डबी काढली तेव्हा मला बरंच वाटलं,” आई म्हणाली. “हरवली म्हणून नवीन आणता आली असती. माझं खोटं झाकलं गेलं असतं.”

“आणि नंतर? नंतर सांगायचं होतंस ना नानांना. डबी रिकामी होती, तुमच्यामुळं काही झालं नाही, एवढं.”

“कसं सांगू? मग कुणामुळं झालं, ते सांगावं लागलं असतं.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “आणि ते गेले असते, निमे. ते आपल्याकडे का येतात, ते मला ठाऊक होतं. तू चार वर्षांची होतीस. मला दुसरं कोण होतं?”

मी चपलाही घातल्या नाहीत. धाडधाड जिना उतरले. मला वाटत होतं, नाना गल्लीच्या टोकाला पोचले असतील, पण ते चाळीच्या दारातच होते. लोकांनी त्यांना घेरलं होतं. लिमयेकाका त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. “काय काम केलंत, नाना. अहो, माझी बायको घाबरून स्वयंपाकघरात जाऊन बसली.” नाना हसत होते. मोठ्यानं, मान मागं टाकून. मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं, की त्यांना असं हसता येतं.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. आज मला तसं वाटतं. तेव्हा नाही वाटलं. मी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं, शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायरीपाशी, आणि एका दमात सांगून टाकलं. डबी रिकामी होती. आत नुसता कापूस होता. आईला ठाऊक होतं. तिनं तुम्हाला डबी काढताना पाहिलं होतं.

“कापूस,” नाना म्हणाले.

“हो.”

“गोळी एकपण नव्हती?”

“नाही, नाना.”

ते पायरीवर बसले. चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, ते जायचं विसरलं होतं. ओठ हलत होते. मला वाटलं, काही हिशेब करताहेत, वर्षांचा किंवा शनिवारांचा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांना जाणवला असेल असं वाटत नाही.

“आत्ता कुठं सुटलो होतो गं,” ते म्हणाले.

तेवढ्यात लिमयांची धाकटी सून वही घेऊन आमच्यापाशी आली. नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा. “नाना, सही द्या ना,” ती लाजत म्हणाली. “आणि सहीखाली ‘खुनी’ असं लिहा. माझ्या माहेरी दाखवीन.”

तिनं पेन त्यांच्या बोटांत दिलं, वही त्यांच्या गुडघ्यावर उघडून ठेवली. नानांनी नाव लिहिलं. नाना हुपरीकर, स्वच्छ, वळणदार. मग पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. शाई एका जागी पसरायला लागली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“काय लिहू गं, निमे?” त्यांनी विचारलं.